बत्तीस लाखांची बाग, चाळीस लाखांची एमएस्सी

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारांचं पत्र आहे. लेक इलेक्ट्रिकल इंजिनियर, आठ महिन्यांपासून पुण्यात एका सोलर कंपनीत, हातात ३१ हजार येतात. तिला ब्रिटनमध्ये शाश्वत ऊर्जा आणि विकास या विषयाच्या एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. फी, राहणं, व्हिसा धरून खर्च ४० लाख. घरात एफडी ९ लाखांची. सागरी महामार्गाच्या बोलबाल्यानं जमिनीला भाव आलाय आणि ४५ कलमांच्या बागेला ३२ लाखांचं गिऱ्हाईक दारात उभं आहे. "बाग विकू की ३० लाखांचं कर्ज काढू?" असं ते विचारतात.

दादा, या वर्षी दोन्ही नको.

सातबाऱ्याचा फोटो सोबत जोडलात ते फार बरं केलंत. पत्रात तुम्ही "माझी बाग" म्हणता, पण खातेदारांच्या रकान्यात चार नावं आहेत: तुम्ही, मुंबईचे दोघे भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण. खाली इतर हक्कात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. तुडतुड्यावर फवारणीला रात्री-अपरात्री तुम्ही उभे राहिलात, गुरं तुम्ही हाकललीत, वाशीच्या दलालाशी हुज्जत तुम्ही घातलीत. गावात कोणीही सांगेल. कागद मात्र वहिवाट बघत नाही. चौघांच्या सह्यांशिवाय अख्खी बाग विकली जाणार नाही आणि समान हिस्से धरले तर तुमच्या वाट्याला येतात ८ लाख, त्यातून सोसायटीचा बोजा वेगळा. तुम्ही ३२ लाखांवर चाळीसचं गणित मांडलंत, ते तिथंच मोडतं. गाव नगरपंचायतीच्या हद्दीपासून पुरेसं लांब असेल तर शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे गिऱ्हाइकानं सांगितलं ते खरं आहे. त्यानं हिस्से वाढत नाहीत.

बाग तारण ठेवता येईल का, हेही विचारलंत. सहसा नाही. बँकांना तारण जप्त करून वसुली करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, थकलेलं कर्ज त्या मार्गानं वसूल करता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका शेती धरत नाहीत. त्यांना घर, फ्लॅट किंवा ठेव लागते.

आता कर्जाचा हिशोब. ३० लाख, व्याज साडेदहा टक्के, शिक्षण आणि नंतरचे सहा महिने मिळून दीड वर्ष हप्ता नाही. पण व्याज तेव्हाही चढतच असतं. पुढे दहा वर्षं फेडायचं तर महिना साधारण ४७ हजार. लेक परत आली आणि तिला इथं ६० हजारांची नोकरी लागली, तरी तिच्या हातात उरतं काय? तुम्ही म्हणता मी भर घालीन. तुमच्याच आकड्यांप्रमाणे चांगल्या सालाला साडेतीन लाख सुटतात, मोहोर गळाला की एक लाखही नाही. हप्ता दर महिन्याला येतो, आंबा एप्रिल-मेमध्ये, तोही मनात आलं तर.

ब्रिटनमध्येच नोकरी लागेल या आशेवरही हप्ता ठरवू नका. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना शिक्षणानंतर तिथं राहायची मुदत दोन वर्षांवरून १८ महिने होतेय. पुढे कामाच्या व्हिसासाठी पगाराची अट साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंडांची, नवख्यांना सवलत धरून ३३,४०० ची. विकासाच्या क्षेत्रातली सुरुवातीची नोकरी तेवढं देईलच असं नाही.

मग करायचं काय? तिला पुण्यातच आणखी सोळा महिने काढू द्या. ही टाळाटाळ नव्हे. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेची विकासविषयक मास्टर्ससाठीची शिष्यवृत्तीही दोन वर्षं मागते. आज तुमचं चेडू दोन्हीकडे दारातूनच परत येईल. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीला अनुभवाची अशी सरसकट अट नाही, महिना १,४०० युरो मिळतात. तिथं मात्र याच हिवाळ्यात अर्ज करू दे. तिनं निबंधात काय लिहावं, हे तुमच्या पत्रातच आहे: मे २०२१ च्या तौक्तेनंतर घरी दिवस दिवस वीज नव्हती आणि ही पोर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर वाडीचे मोबाइल चार्ज करत होती. शेजारी जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा वाद, वर दाभोळला एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा इतिहास. ऊर्जा आणि विकास हा विषय ती लहानपणापासून अंगणातच बघतेय.

शिष्यवृत्ती हुकली तर जर्मनीचं सरकारी विद्यापीठ बघा. बहुतेक ठिकाणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठात त्याहून बरीच जास्त आहे, ती सोडून. ओल्डनबुर्गला तर १९८७ पासून अपारंपरिक ऊर्जेचं मास्टर्स चालतं. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, रुपयांत बारा लाखांच्या घरात. ते तिचेच, महिन्याला ९९२ सुटतात. एफडीतले ६ लाख त्यात घाला. उरलेले ३ लाख वादळासाठी ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. दोन वर्षांचं कर्ज १२ लाखांत बसवलंत तर हप्ता वीस हजारांच्या आसपास येईल, आणि तो पुण्याच्या पगारातून फिटतो. साडेसात लाखांवर बँक तारण मागते, म्हणून वरच्या रकमेसाठी १८९२ पासून चालत आलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमटेक केलं तर महिना १२,४०० रुपये उलट मिळतात, हेही तिच्या कानावर घाला. तिला ते नको असेल, तरी.

एक बारीक गोष्ट. परदेशी पैसे एफडी मोडून पाठवलेत तर वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापतात, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेले तर नाही. कापलेला कर आयकराचा रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण पैसा तोवर अडकतो.

ब्रिटनच्या विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, ते डिपॉझिट भरण्याआधी ईमेलनं विचारा. आणि मे महिन्यात भाऊ-बहीण गावी जमतील तेव्हा वाटपाचं बोलून घ्या. चौघं राजी असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. गिऱ्हाइकाला तोवर "भाऊ आले की सांगतो" एवढंच सांगा. खोटंही नाही ते.