बीएस्सीतलं पॅथॉलॉजी: आधी नॉर्मल बघ

तुझे दोन प्रश्न: बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजीचा (रोगाने पेशी-अवयवांत काय बदल होतात, त्याचा) पेपर लागलाय, काही केल्या पाठ होत नाही, आणि पुढे पॅथॉलॉजिस्ट होता येईल का?

दुसऱ्याचं आधी सांगते, म्हणजे तो विषय संपेल. नाही होता येणार. त्यासाठी एमबीबीएस आणि त्यावर पॅथॉलॉजीत एमडी किंवा डीएनबी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, लागतं. लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. बीएस्सीवाल्यांना डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, आहे, एमएस्सी करून संशोधन आहे. पाषाणचं एनआयव्ही (विषाणूंवरची संशोधन संस्था), विद्यापीठातलं एनसीसीएस (पेशींवरची) आपल्याच पुण्यात आहे. मी स्वतः बीएस्सी, डीएमएलटी. वीस वर्षं हिस्टोच्या, म्हणजे ऊतींच्या स्लाइड बनवण्याच्या, टेबलावर काढली, तरी शेजारच्या काकू अजून मला शुगरचा आकडाच विचारतात.

आता पाठांतर. नेक्रोसिसचे, म्हणजे शरीरातल्या पेशी मरण्याचे, प्रकार तू यादी म्हणून घोकतेयस, म्हणून ते सटकतात. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी मरतात, पण सुरुवातीचे काही दिवस त्यांच्या कडा शाबूत राहतात. माणसं निघून गेलेल्या वाड्यासारखं: भिंती उभ्या, आत केंद्रक नाही. मेंदूत तोच रक्तपुरवठा तुटला तर तो भाग चक्क पातळ होतो. आणि टीबीच्या गाठीत कुस्करलेल्या पनीरसारखा पांढरट भुगा. या प्रकाराचं केसिअस हे नावच चीजच्या लॅटिन शब्दावरून आलंय. त्या भुग्याच्या कडेला लँगहान्स जायंट सेल, म्हणजे अनेक केंद्रकांची मोठी पेशी, शोध, घोड्याच्या नालेसारखी मांडलेली केंद्रकं दिसतील. एकदा डोळ्यांनी पाहिलीस की विसरणं अवघड.

पण त्याआधी नॉर्मल. नॉर्मल लिव्हर, किडनी, लिम्फ नोड न बघता थेट रोगाची स्लाइड लावणाऱ्या मुलांना सगळंच गुलाबी-जांभळं दिसतं. स्लाइडला दोन रंग देतात: हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक जांभळं, इओसिनने बाकीचं गुलाबी, एवढं धरून चाल. मायक्रोस्कोपची लेन्स आधी ४एक्स, मग १०एक्स, आणि ४०एक्सची घाई नको. जर्नलमध्ये आकृती दिसतेय तशी काढ, पुस्तकातली उतरवू नकोस. परीक्षकाला पहिल्या पानावरच कळतं.

जमलं तर कुठल्यातरी लॅबमध्ये परवानगी काढून एक सकाळ मायक्रोटोमपाशी (ऊतींचे पातळ काप काढायच्या यंत्रापाशी) उभी राहा. ऊती बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीच्या कापांची रिबन निघते, ती कोमट वॉटर बाथवर अलगद सोडायची. तेवढ्यात कोणी शिंकलं की गेली!

आणि स्लाइडवर नंबर पेन्सिलीनेच घाल. शिकत असताना मी बॉलपेनने घातले होते. अल्कोहोल, झायलीन अशी शाई विरघळवणारी द्रावकं पार करून चौदा स्लाइड बाहेर आल्या त्या सुंदर रंगलेल्या, आणि एकीवरही नंबर नाही. नशीब, सरावाच्या होत्या. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त ड्रॉवरमधून पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली.