भिंतीआधी सावली मागा

प्रश्न : नवं कारागृह बांधायचं झालं, तर उंच भिंतींखेरीज काय मागावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, तीस वर्षं मी सरकारी इमारतींचे नकाशे काढले. आधी सावली मागा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42च्या वर जातो. पत्र्याखालची बराक म्हणजे भट्टीच. समोरासमोर खिडक्या हव्यात, अंगणात कडुनिंब हवा. मग भेटीची खोली. जाळीपलीकडच्या बापाला हात लावता येईना म्हणून रडणारं लेकरू मी पाहिलंय. तो नकाशा माझा होता, अजून सलतो. नॉर्वेतल्या हाल्डेन तुरुंगात (सुरू 2010) कुटुंबाला मुक्कामासाठी घर आहे. इतकं लांब कशाला, आपल्या पैठणच्या खुल्या कारागृहात कैदी शेती करतात. नकाशा मंजूर होण्याआधीच बघायला मागा.