क्लीनरूम नसलेल्या कॉलेजात नॅनोसायन्स कसं शिकवायचं?

तुमचा प्रश्न असा : एम.एस्सी.ला नॅनोसायन्सचा पेपर गळ्यात पडलाय, कॉलेजात ना क्लीनरूम (धूळ गाळून काढलेली प्रयोगशाळा) ना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, मग मुलांना दाखवायचं काय?

आमच्याकडेही दोन्ही नाहीत. पहिली काही वर्षं मी नुसत्या स्लाइड दाखवल्या. मुलं नॅनोकणांच्या आकाराची व्याख्या, '१ ते १०० नॅनोमीटर', घोकून पास व्हायची.

आता पहिल्या तासाला हिरवा लेझर पॉइंटर नेतो, ५३२ नॅनोमीटर (म्हणजे ०.५३२ मायक्रॉन) तरंगलांबीचा. पुठ्ठ्याला भोक पाडायचं, पुठ्ठा सीडीपासून १० सेंटिमीटरवर धरायचा आणि भोकातून लेझर सरळ सीडीवर मारायचा. (डोळे सांभाळून.) भोकाच्या दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरवर ठिपके पडतात. सीडीच्या जागी डीव्हीडी धरली की ते १० सेंटिमीटरच्याही पुढे पळतात. मुलं पट्टीने मोजून, गणित करून सांगतात : सीडीच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीचं ०.७४. मग ब्ल्यू-रे लावायची. बाजूचे ठिपके गायब! रेघा आहेत, ०.३२ मायक्रॉनवर, पण लेझरची तरंगलांबीच त्याहून मोठी, म्हणून या प्रकाशाला त्या पकडता येत नाहीत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कशाला लागतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा प्रयोग सोन्याचा : सोन्याचे नॅनोकण बनवायची, टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाची १९५१ची पद्धत. २० मिली, १ मिलिमोलर गोल्ड क्लोराइड ढवळत उकळायचं आणि त्यात २ मिली, १ टक्का सोडियम सायट्रेट ओतायचं. पिवळसर रंग जातो, मग काळपट-जांभळी झाक येते आणि दहाएक मिनिटांत लालभडक. थंड झाल्यावर थोडं काढून त्यात मिठाचं पाणी घाला : कण एकमेकांना चिकटतात, लालाचं निळं होतं. गोल्ड क्लोराइड महाग आहे खरं, पण एका ग्रॅममध्ये असं अडीच लिटर द्रावण होतं. प्राचार्यांना हाच हिशोब दाखवा.

एकदा चार गटांचं द्रावण काळं पडलं. मी ओतून टाकणार, तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, हे फ्लास्क आधी कशाला वापरले होते?" साध्या साबणाने धुतले होते, चूक माझीच. क्लीनरूममध्ये नखशिखांत झाकून का जातात, यावर माझा सगळ्यात चांगला तास त्या दिवशी झाला. आता फ्लास्क अक्वा रेजियाने (सोनंही विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) मी स्वतः धुतो, फ्यूम हूडमध्ये. मुलांच्या हातात ते देऊ नका.

फॅब्रिकेशनला, म्हणजे चिपसारखी उपकरणं प्रत्यक्ष बनवण्याला, मात्र घरगुती तोड नाही. आयआयटी मुंबई, आयआयएस्सी बंगळुरू वगैरे ठिकाणच्या सुविधा बाहेरच्या कॉलेजांना आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम) या कार्यक्रमातून वापरता येतात, तिथे अर्ज करा. जाण्याआधी एक कागदी सराव घ्या. तयार मॉसफेटचा (चिपमधला एक ट्रान्झिस्टर) आडवा छेद द्यायचा आणि तो कसा बनला ते पायरी-पायरीने रंगीत पेन्सिलींनी काढायला लावायचं : ऑक्साइड, रेझिस्ट (प्रकाशाने बदलणारा प्लास्टिकसारखा थर), मास्क (नक्षीचा साचा), डेव्हलप, एचिंग (उघडा भाग कोरून काढणं). रेझिस्ट न काढताच वेफर (सिलिकॉनची चकती) हजार अंशांच्या भट्टीत घालणारा, म्हणजे रेझिस्ट जाळणारा, एक तरी दरवर्षी निघतोच. त्याला बोर्डावर बोलवा.