परिषदेहून परतल्यावर पहिला पेशंट कोण घेणार?

ओपिऑइडच्या व्यसनाबद्दल, म्हणजे हेरॉइन, फेंटानिल, मॉर्फिन आणि दुखण्यावरच्या स्ट्राँग गोळ्या यांच्या व्यसनाबद्दल यावेळी खूप प्रश्न आलेत. त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की हे उपचार जास्त लोकांपर्यंत पोचावेत म्हणून एवढ्या परिषदा, वर्कशॉप, मीटिंगा होतात तर त्यातून पेशंटच्या पदरात नेमकं काय पडतं. म्हणून आज तेवढ्यावरच बोलू.

प्रश्न: मी जनरल प्रॅक्टिस करतो. व्यसनाच्या उपचारांवरच्या कॉन्फरन्सची आमंत्रणं मलाही येतात, पण माझं काम ताप, बीपी, शुगर. असा पेशंट आला की मी चिठ्ठी देऊन सायकिअॅट्रिस्टकडे पाठवतो. मी तिथे जाऊन काय करणार?

उत्तर: डॉक्टर, खरं सांगू का, तिथे सगळ्यात जास्त गरज तुमचीच आहे. सायकिअॅट्रिस्ट मंडळींना हे सगळं माहितीच असतं, ती एकमेकांना तेच परत सांगत बसतात, आणि त्यांची संख्या कुठेच पुरेशी नाही. पेशंट पहिल्यांदा येतो तो तुमच्याकडे किंवा कॅज्युअल्टीत.

आता तुमच्या चिठ्ठीबद्दल. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक अभ्यास छापला, इमर्जन्सीत आलेल्या ३२९ पेशंटांवरचा. काहींना उपचार कुठे मिळतील त्याची माहिती देऊन पाठवलं, काहींना थोडं समुपदेशन करून पुढची अपॉइंटमेंट लावून दिली, आणि काहींना तिथेच ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओढ आणि नशा सुटल्यावरचा त्रास शमवणारं औषध, सुरू करून दिलं. तीस दिवसांनी बघितलं तर उपचारात टिकलेले अनुक्रमे ३७ टक्के, ४५ टक्के आणि ७८ टक्के. म्हणजे नुसत्या चिठ्ठीवर दहातले सहा गळाले. आणि यात गळणं म्हणजे पुन्हा रस्त्यावरचा माल, ज्यात काय मिसळलंय ते घेणाऱ्यालाही माहीत नसतं.

फ्रान्सचं उदाहरण तर मी कुणालाही सांगते. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यावर साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली, वेगळा कोर्स नाही, वेगळं लायसन्स नाही. १९९५ ते १९९९ या काळात तिथले ओव्हरडोसचे मृत्यू साधारण ७९ टक्क्यांनी कमी झाले. बाकीची कारणंही असतील, पण तुमच्यासारख्या डॉक्टरांनी पेन उचलला हे त्यातलं मोठं कारण आहे.

अमेरिकेत उलटं झालं. तिथे २००० सालच्या कायद्याने हे औषध लिहायला स्पेशल परवाना लागायचा, सुरुवातीला तर एका डॉक्टरने एका वेळी तीसच पेशंट घ्यायचे अशी मर्यादा होती. ती परवान्याची अट २०२२ च्या डिसेंबरात गेली. सगळ्यांना वाटलं आता बांध फुटणार, पण लिहिणारे डॉक्टर वाढले तरी औषध घेणाऱ्या पेशंटांचा आकडा त्या मानाने हललाच नाही. कागदाची अडचण गेली पण धास्ती तशीच राहिली, की काही चुकलं तर, पेशंटने गोळी विकली तर, वेटिंगमधले बाकीचे पेशंट काय म्हणतील. ही धास्ती सर्क्युलर काढून जात नाही, ती जाते ज्याने हे काम केलंय अशा कुणाशीतरी बसून बोलल्यावर, आणि कॉन्फरन्सचा मला दिसणारा खरा उपयोग हा आहे.

तर जा, पण मोठ्या हॉलमधली उद्घाटनाची भाषणं सोडा आणि पेशंटला औषध सुरू कसं करायचं ते शिकवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला बसा. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या रिसेप्टरला घट्ट चिकटतं पण परिणाम अर्धवट करतं, त्यामुळे पेशंटच्या अंगात हेरॉइन असतानाच गोळी दिली तर ते आधीचं ढकलून देतं आणि एकदम जोरदार विड्रॉल, म्हणजे नशा सुटल्यावरचा त्रास, सुरू होतो. म्हणून विड्रॉलची लक्षणं स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, हेरॉइनला साधारण बारा तास किंवा थोडे जास्त, मेथाडोनला, म्हणजे याच व्यसनाच्या उपचारातल्या शरीरात बराच काळ टिकणाऱ्या औषधाला, त्याहून बरेच जास्त. फेंटानिल नेहमी घेणाऱ्यांच्यात ते चरबीत साठून राहतं, तिथे वेळेचा अंदाज चुकतो, मग काही ठिकाणी अगदी बारीक डोसने सुरुवात करतात. लक्षणांना मार्क कसे द्यायचे, पहिला डोस किती, दुसऱ्या दिवशी काय करायचं हे हाताखालून एकदा गेलं ना, की बीपीची गोळी लिहिण्याइतकं सोपं वाटायला लागतं. आणि जो शिकवतोय त्याचा नंबर घेऊन या, पहिल्या दोन-तीन पेशंटांच्या वेळी लागतोच.

प्रश्न: माझा मुलगा ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, कामाला जातो, व्यवस्थित आहे. पण घरातलेच म्हणतात की एक व्यसन सोडून दुसरं धरलं. त्याच्या आधीच्या व्यसनमुक्ती केंद्रातही हेच सांगायचे. डॉक्टर लोक एवढे एकत्र जमतात तर आधी आपसात तरी का ठरवत नाहीत?

उत्तर: ताई, तुमचा राग मला पटतो. पुराव्याच्या बाजूने हे कधीचंच ठरलंय. मेथाडोनवर डोल आणि निस्वांडर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ मध्येच काम छापलं होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा मेथाडोन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू आणि उपचार सुटल्यावर सुमारे ३६ असं निघालं, ब्युप्रेनॉर्फिनचंही चित्र त्याच दिशेचं. व्यसन म्हणजे नुकसान होतंय दिसत असूनही त्याच्यामागे धावणं, त्यापायी काम, घर, माणसं सुटत जाणं. तुमच्या मुलाचं तर सगळं परत जागेवर येतंय. शरीराला औषधाची सवय आहे हे खरं, अचानक बंद केलं तर त्रास होईल हेही खरं, पण ती गोष्ट वेगळी.

घरातल्यांना एक मात्र नक्की सांगा. औषध बंद करून काही दिवस "स्वच्छ" राहिलेला माणूस जास्त धोक्यात असतो, कारण शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते आणि जुन्या डोसने श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा अभ्यास २००७ मध्ये आला, पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट होता. त्यामुळे "आता पुरे झाली गोळी" हा निर्णय घरच्या आग्रहाने घ्यायचा नाही, मुलगा आणि त्याचे डॉक्टर मिळून घेतील, घाई कसलीच नाही. घरात नालॉक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडच्या ओव्हरडोसचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे मिळत असेल तर ठेवा, आणि कसा वापरायचा ते घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या, कारण ज्याला लागतो त्याला स्वतःला मारता येत नाही.

आणि डॉक्टर आपसात ठरवत का नाहीत? कारण केंद्रवाले बऱ्याचदा त्या परिषदांना येतच नाहीत, त्यांना कुणी बोलावत नाही, दोन्हीकडचे आपापल्या खोलीत बरोबर असतात. तुमच्यासारख्या आयांना बोलावलं तर हे बरंच लवकर सुटेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कॉन्फरन्सला जावं का?

उत्तर: शक्यतो नाही, आणि या विषयात तर जास्तच जपून. १९९६ ते २००१ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने दुखण्याच्या उपचारांवर आणि स्पीकर तयार करण्यासाठी चाळीसच्या वर परिषदा घेतल्या, रिसॉर्टवर, सगळा खर्च कंपनीचा, पाच हजारांवर डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स येऊन गेले. ऑक्सिकॉन्टिन ही कंपनीची दुखण्यावरची ओपिऑइड गोळी किती सेफ आहे तेच तिथून पसरलं. पुढे २००७ मध्ये तिच्या संलग्न कंपनीने आणि २०२० मध्ये खुद्द पर्ड्यूने कोर्टात गुन्हे कबूल केले. ओपिऑइडच्या व्यसनाची ही साथ वाढायला एक मोठा हात परिषदांचाच होता हे विसरून कसं चालेल. जायचंच असेल तर बोलणारा कुणाकडून पैसे घेतो ते पहिल्या स्लाइडवर आहे का बघा, आणि एकाच औषधाचं, एकाच इंजेक्शनचं कौतुक चाललं असेल तर सरळ उठून या.

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलतर्फे एक दिवसाची परिषद घ्यायची आहे, विषय उपचारांची उपलब्धता वाढवणे. डॉक्टर, फार्मासिस्ट, पोलीस, तुरुंगाचे डॉक्टर सगळ्यांना बोलवायचा विचार आहे. कार्यक्रम कसा आखू?

उत्तर: यादी चांगली आहे, त्यात जे आज औषधावर आहेत ते लोक घाला. अनुभवकथन म्हणून शेवटी दहा मिनिटं रडवायला नको, कार्यक्रम ठरवतानाच घ्या. कुठे अडकायला होतं ते त्यांना तोंडपाठ असतं, फार्मसीवाल्याने सगळ्यांसमोर मोठ्याने काय विचारलं, रोज डोससाठी जायचं म्हणून नोकरी कशी गेली, लघवीच्या तपासणीत एकदा काही सापडलं म्हणून औषधच बंद कसं केलं. हे शेवटचं तर मला अजिबात पटत नाही, शुगर वाढली म्हणून इन्सुलिन बंद करणारा डॉक्टर तुम्ही बघितलाय का?

सकाळची भाषणं कमीत कमी ठेवा. त्याऐवजी एक पेशंट कल्पनेतला घ्या, शुक्रवारी रात्री कॅज्युअल्टीत आलाय, ओव्हरडोसमधून वाचलाय, आणि सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून विचारा की सोमवार सकाळपर्यंत याचं काय होणार. गोळी कोण लिहिणार, कुठल्या दुकानात ती स्टॉकला आहे, शनिवारी ते दुकान उघडं असतं का, पोलिसांनी त्याला वाटेत अडवलं आणि खिशात गोळ्या सापडल्या तर काय. अर्ध्या तासात सगळी भोकं दिसतात, आणि ती ज्यांना बुजवता येतील ती माणसं तिथेच बसलेली असतात. फार्मासिस्ट लोकांना तर मी दोन खुर्च्या जास्त देईन, कारण प्रिस्क्रिप्शन झालं आणि औषध मिळालं नाही ही तक्रार माझ्याकडे सतत येते.

तुरुंगाच्या डॉक्टरांना अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याचं सांगा. तिथे २०१६ पासून तुरुंगात मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि ओपिऑइडचा परिणाम अडवणारं नाल्ट्रेक्सोन तिन्ही द्यायला सुरुवात केली, बाहेर पडल्यावर तेच उपचार पुढे चालू ठेवायची सोय केली, आणि नुकत्याच सुटलेल्यांमधले ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात ६१ टक्क्यांनी कमी झाले. तिथल्याच व्हरमाँट राज्याचंही बघा, तिथे अवघड केस मोठ्या केंद्रात आणि स्थिर झालेला पेशंट फॅमिली डॉक्टरकडे अशी ये-जा ठरवून ठेवलीय, म्हणजे फॅमिली डॉक्टरला भरवसा असतो की बिघडलं तर परत पाठवता येईल.

नियमांवर एक सेशन लागेल, तुमच्याकडे जे लागू आहेत ते. तुलनेसाठी अमेरिकेचे २०२४ चे मेथाडोनचे नवे नियम घ्या, पेशंट सुरक्षितपणे हाताळू शकेल असं डॉक्टरला वाटलं तर पहिल्या महिन्यानंतर २८ दिवसांपर्यंतचे डोस घरी देता येतात. पूर्वी सुरुवातीचे महिने जवळपास रोजची रांग होती.

आणि शेवटचा तास मोकळा ठेवा, त्यात प्रत्येकाकडून लिहून घ्या की पुढच्या महिन्यात मी काय सुरू करणार, आणि महिन्याने फोन करा. किती लोक आले, किती सर्टिफिकेटं वाटली हे आकडे रिपोर्टात घालायला बरे असतात. पण परिषदेनंतर किती जणांनी आयुष्यात पहिल्यांदा हे औषध लिहिलं तो आकडा शोधा, तो छोटा निघाला तरी तोच छापा.

प्रश्न: मी नर्स आहे. रजा मिळत नाही, मोठ्या परिषदांना जाता येत नाही. ऑनलाइनमधून काही होतं का?

उत्तर: होतं, आणि चांगलं होतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात २००३ मध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी हेपटायटिस सी साठी प्रोजेक्ट एको सुरू केलं, लांबच्या दवाखान्यांनी व्हिडिओवर आपली केस मांडायची, तज्ज्ञ आणि बाकीचे दवाखाने त्यावर बोलणार, असं ठरलेल्या वेळी परत परत. ती पद्धत पुढे ओपिऑइडच्या उपचारांसाठीही वापरली गेली. रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकण्यापेक्षा असा केसवर चालणारा ग्रुप शोधा, नसेल तर तुमच्या वॉर्डातल्या चार जणी, एक फार्मासिस्ट आणि एक अनुभवी डॉक्टर इतक्यावर सुद्धा सुरू होतो. पेशंटचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही केसमध्ये घालायचं नाही. वॉर्डात विड्रॉलची लक्षणं सगळ्यात आधी तुम्हालाच दिसतात, डॉक्टर राउंडला येईपर्यंत पेशंट डिस्चार्ज न घेताच निघून गेलेला असतो, तेव्हा पहिली केस तीच घ्या.