ग्राउंड व्हाया नेमका कुठे टाकायचा?

सर्किट बोर्डावर ट्रेस (तांब्याच्या पट्ट्या) छान ओढलेस, पण परतीचा करंट कुठून येतो ते पाहिलंस का? तो ट्रेसच्या बरोबर खालून, ग्राउंड प्लेनमधून (ग्राउंडला जोडलेल्या तांब्याच्या सलग थरातून) येतो. सिग्नल थर बदलून दुसऱ्या ग्राउंड प्लेनवर गेला की परतीच्या करंटलाही तिथे जायला रस्ता हवा. म्हणून सिग्नल व्हायाला (थर जोडणाऱ्या, आतून तांबं चढवलेल्या भोकाला) जमेल तितका खेटून एक ग्राउंड व्हाया टाक. बोर्डाच्या कडेने टाके घालताना, म्हणजे ग्राउंड व्हायांची रांग टाकताना, दोन व्हायांत तरंगलांबीचा १/२० भाग अंतर धर. एफआर-४ वर (बोर्डाचं नेहमीचं साहित्य) ५ गिगाहर्ट्झला साधारण दीड मिलिमीटर. (सुरुवातीला मी उगाच सगळीकडे भोकं पाडली, पॉवर प्लेनची चाळणी झाली.) दोन ट्रेसमध्ये रुंदीच्या तिप्पट अंतर ठेवा म्हणतात. मी मात्र आधी प्लेनपासूनची उंची बघतो. ती कमी केली की क्रॉसटॉक (एका ट्रेसचा सिग्नल शेजारच्यात घुसणं) झपाट्याने उतरतो.