लिनक्स सर्व्हरवर डीएफ (df, डिस्कची जागा दाखवणारी कमांड) डिस्क भरली म्हणतंय, डीयूला (du, फायलींचा आकार मोजणारी कमांड) तेवढ्या फायली सापडत नाहीत. सर्व्हर रीस्टार्ट करू का?

नका करू. आधी रूटने (अ‍ॅडमिन युजरने) एलएसओएफ +एल1 (lsof +L1, नाव पुसलं तरी उघड्या असलेल्या फायलींची यादी) चालवा आणि जे दिसेल ते उतरवून ठेवा.

मोठे लॉग (प्रोग्रामच्या नोंदींच्या फायली) आरएम या डिलीट कमांडने उडवूनही डीएफ 100 टक्क्यांवरून हलत नाही म्हणता. हलणार नाहीच. आरएम फक्त नाव काढतं. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) फाइल उघडी धरली असेल तर आयनोड (फाइलची मूळ नोंद) आणि ब्लॉक (तिने व्यापलेली जागा) जागच्या जागी राहतात. डीयू नावं धरून मोजतं, डीएफ थेट फाइलसिस्टमला विचारतं.

हे ठासून सांगतोय, कारण यावरून मी एकदा अप्रेझल घालवलंय. पुण्यात नाइट शिफ्टला सपोर्टला होतो. एका क्लायंटचं व्हार पार्टिशन (/var, जिथे लॉग साठतात) दर दहा-बारा दिवसांनी भरायचं. सीनियर फोनवर एकच सांगायचे, "रीस्टार्ट मार, तिकीट क्लोज कर." प्रोसेस मेली की जागा सुटायची आणि पुरावाही जायचा. चौथ्या वेळी, पहाटे तीनला, मी रीस्टार्टच्या आधी +एल1 चालवलं. एकच ओळ आली: जावा, एफडी (प्रोसेसने उघडलेल्या फाइलीचा क्रमांक) 7डब्ल्यू, लिंक 0 (म्हणजे नाव उरलेलं नाही), साइजच्या रकान्यात बारा अंकी आकडा, शेवटी कंसात 'डिलीटेड'. मग क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी) उघडला. 1 जीबीवरचे लॉग फाइंडने डिलीट करणारी ओळ होती, सीनियरनीच टाकलेली. अ‍ॅप्लिकेशनला पत्ताच नाही, ते नाव गेलेल्या फाइलीत लिहितच होतं.

मी प्रॉकमधल्या (/proc, चालू प्रोसेसची माहिती असते तिथल्या) त्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) एफडी 7 वर ट्रंकेट -एस 0 (फाइल रिकामी करणारी कमांड) मारलं. सर्व्हिस एक सेकंदही बंद न पडता जागा मोकळी झाली. क्रॉनची ओळ काढली, लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणारं टूल) लावलं, सविस्तर मेल लिहिला. उत्तर आलं, "एसओपीत रीस्टार्ट आहे, तू प्रोडक्शनवर प्रयोग केलास." सर्व्हर पुन्हा भरला नाही. अप्रेझलमधला तो शेरा मात्र कुणी मागे घेतला नाही. मी आजही म्हणतो, कारण न शोधता रीस्टार्ट करणं ही कामचुकारी आहे.

तुमच्या क्रॉनमध्येही चालू लॉगवर आरएम असेल तर आजच काढा. लॉगरोटेट वापरा आणि प्रोसेसला नवी फाइल उघडायला लावा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला यूएसआर1 सिग्नल पुरतो. ज्याला असं सांगता येत नाही त्याला लॉगरोटेटचं कॉपीट्रंकेट (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणं) लावा, पण त्यात मधल्या काही ओळी हरवू शकतात.

+एल1 रिकामं आलं तर माझी गोष्ट तुम्हाला लागू नाही. मग माउंटखाली (ज्या फोल्डरवर दुसरी डिस्क जोडलीय त्याच्या खाली) झाकल्या गेलेल्या फायली शोधा. जागा असूनही लिहिता येत नसेल तर डीएफ -आय बघा, आयनोड संपलेत का ते कळेल.

आणि हो, ट्रंकेट फक्त लॉगवर. यादीत डेटाबेसची डेटा फाइल दिसली तर तिला हात लावू नका. प्रोसेस जिवंत आहे तोवर प्रॉकमधून ती दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घेता येते. रीस्टार्ट केलंत तर तीही गेली.