साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास

प्रश्न : ग्रँट डफ हा साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता. राज्यकारभार सांभाळून त्याने मराठ्यांचा एवढा मोठा इतिहास कसा लिहिला, आणि तो आज विश्वसनीय मानावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, कारण ज्या अधिकारपदामुळे हा ग्रंथ शक्य झाला त्याच पदाने त्याची दृष्टीही घडवली. जेम्स ग्रँट (डफ हे आडनाव त्याने मायदेशी परतल्यावर आईच्या घराण्याच्या वारशामुळे लावले) याचा जन्म १७८९ मध्ये स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे झाला. मुंबईच्या फौजेत दाखल झालेला हा तरुण पुढे पुण्यात एल्फिन्स्टनचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंटचा (प्रतिनिधीचा), साहाय्यक झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, तेव्हा तेथील कारभार ग्रँटकडे आला. त्या वेळी त्याला तिशीही लागली नव्हती. १८२२ मध्ये महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार सोपवले जाईपर्यंत राज्याची सूत्रे प्रत्यक्षात त्याच्याकडेच होती.

याच काळात त्याने साधने जमवली. छत्रपतींच्या घराण्यातील कागद, पुण्याच्या पेशवे दफ्तरातील नोंदी, बखरी, फारसी तवारिखा (इतिहासग्रंथ) आणि जुन्या घराण्यांकडील सनदा एवढ्या सहजतेने पाहायला मिळणे हे साध्या अभ्यासकाच्या आवाक्यातले नव्हते. प्रकृती ढासळल्याने तो स्कॉटलंडला परतला आणि १८२६ मध्ये तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध झाला. थोड्याच वर्षांत कॅप्टन केपनने केलेले त्याचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने आले आणि आपल्याकडील कित्येकांनी स्वतःच्या पूर्वजांचा सलग इतिहास प्रथम याच पुस्तकातून वाचला. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

विश्वसनीयतेविषयी स्पष्ट सांगतो : घटनाक्रमासाठी ग्रंथ अजूनही उपयोगी आहे, कारणमीमांसेसाठी नाही. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीच्या रानात वाळल्या गवताने पेट घ्यावा तसा, वणव्यासारखा वाटला. त्यामागील संतांची शिकवण आणि लोकांची एकजूट त्याच्या नजरेत भरली नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमका याच मताचा प्रतिवाद केला. अफझलखानाच्या वधाला तर ग्रँट डफने सरळ शिवाजी महाराजांचा विश्वासघात ठरवले, आणि तेथे त्याचा पूर्वग्रह लपत नाही.

त्याच्यावर पहिला ठोस आक्षेप मराठीतच घेतला गेला. १८६७ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच या बखरीवर सविस्तर टीका लिहिली. आपण मूळ ग्रंथ वाचणार असाल, तर कीर्तन्यांचा तो निबंध शेजारी उघडून ठेवावा आणि प्रकरणागणिक दोन्ही ताडून पाहावेत.